गच्चीवरचं वर्ष

शेजारच्या काकांच्या घरात आठवडा बैठकीत असायचा, महिना स्वयंपाकघरात आणि अख्खं वर्ष गच्चीवर. आजचा दिवस मात्र ते बरोबर घेऊन फिरत. तो त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर तरंगत असे आणि ते जेवायला बसले की पाण्याच्या तांब्यामागे जाऊन उभा राहत असे. हे सगळं फक्त त्यांनाच दिसायचं. आम्हाला दिसायचा तो एक उंच, सडपातळ, रिटायर्ड माणूस. डोळ्यांवर काळा जाडजूड हेडसेट, त्याखाली घाम टिपायला गुंडाळलेला गमछा, खिशात बॅटरी. हवेतून चिमटीने काहीतरी उचलायचं आणि दोन पावलं चालून दुसरीकडे ठेवायचं, असा त्यांचा उद्योग दिवसभर चालायचा. पलीकडच्या घरातले साहूजी बरेच दिवस समजत होते की काका डास पकडतात.

तो हेडसेट त्यांच्या मुलाचा. परदेशातून सुट्टीवर आला तेव्हा स्वतःसाठी नवा घेतला होता म्हणून जुना बाबांसाठी ठेवून गेला. सिनेमे बघतील, वेळ जाईल, असा त्याचा हिशेब. त्या यंत्रात समुद्राचा तळ होता, बर्फाचे डोंगर होते, अंगावर येणारे डायनासोर होते. काकांनी त्यातलं कॅलेंडर उघडलं आणि तिथेच थांबले. समुद्राकडे ते कधी वळलेच नाहीत.

काका त्याला हेल्मेट म्हणायचे. काकू तोबरा म्हणायच्या. "तोबरा उतरवा अन् जेवा," ही हाक आमच्या घरापर्यंत ऐकू यायची.

काका स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्स प्लॅनिंगला होते. कोणतं मशीन कधी बंद करायचं, उघडून कोणी काय करायचं आणि ते पुन्हा कधी चालू करायचं, हे वर्षभर आधी ठरवायचं, असं ते काम. नोकरीभर आपली एकही तारीख चुकली नाही असं ते सांगत, आणि त्यांना वैतागलेले लोकसुद्धा तेच सांगत. रिटायर होऊन त्यांनी जुनवानीत आमच्या शेजारी घर बांधलं तेव्हा बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक फ्रिज, एक कूलर आणि काकू. काकू बंद होत नसत.

मग त्यांनी घराचंच प्लॅनिंग सुरू केलं. दिवाळीची साफसफाई म्हणजे 'कॅपिटल रिपेअर', प्लांटमध्ये मशीन पूर्ण उघडून करतात तशी. काकूंचं डोकं दुखलं की 'अनप्लॅन्ड ब्रेकडाउन'.

"माह्यं डोकं दुखून राहिलं," काकू म्हणायच्या.

"सकाळीच सांगाचं होतं न. दुपारी आपण गहू दळाले नेऊन राहिलो."

"डोक्याले सांगते, पुढच्या टायमाले अर्ज देत जाय म्हणून."

"प्लॅनमधी नाही, म्हंजे झालंच नाही," हे काकांचं नेहमीचं वाक्य. ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणायचे की समोरच्याला क्षणभर आपलं डोकं खरंच दुखतंय का, अशी शंका यायची.

मला सायकल त्यांनीच शिकवली. तेव्हा आम्ही सगळे प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि माझे बाबा दुपारच्या बी शिफ्टला असायचे. काकांनी पेन्सिलीने आखून प्लॅन केला होता: पहिल्या दिवशी चढणं आणि उतरणं, दुसऱ्या दिवशी पायडल, तिसऱ्या दिवशी वळणं, चौथ्या दिवशी ब्रेक. दुसऱ्याच दिवशी मी उतारावरून सुटले. "काका, थांबवू कसं?" मी ओरडले. मागून धावत येणाऱ्या काकांचं उत्तर मला अजून ऐकू येतं: "ब्रेक परवा आहे, बेटा! ब्रेक परवा!" मी मेंदीच्या कुंपणात गेले. काकांनी मला बाहेर काढलं, गुडघ्यावर फुंकर घातली आणि म्हणाले, "पाहिलं? म्हणूनच सिक्वेन्सनं जा लागते." उतार प्लॅनमध्ये कोणी घातला होता, हे मी विचारलं नाही. मी तेव्हाही फारसं काही विचारत नसे.

कदाचित म्हणूनच हेडसेट आल्यावर मदतनीस म्हणून त्यांनी मला नेमलं. मी घरून एका कंपनीचं काम करायचे. दिवसभर कोणाशी बोलावं लागायचं नाही, आणि त्या नोकरीत मला सगळ्यात आवडायचं ते हेच. "तू इंग्लिश मीडियमची," काका म्हणाले, "मशीनच्या पोटात काय लिहिलं हाय ते तुले समजते. अन् तू मधी बोलत नाही." हे दुसरं कारण त्यांच्या दृष्टीने मोठं असावं.

मी त्यांना कॅलेंडरच्या खिडक्या भिंतीवर चिकटवायला शिकवलं. वर्षाची खिडकी एवढी ताणली की ती घरात मावेना, तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीपासून त्यांनी जानेवारी लावला आणि लावत लावत जून आमच्या घराच्या भिंतीवर आला. एकदा त्यांनी हेडसेट माझ्या डोळ्यांवर ठेवला. आमची पिवळी भिंत जून झाली होती, आणि माझ्या खोलीची खिडकी बरोबर महिन्याच्या मध्यावर उघडत होती. ऑक्टोबर साहूजींच्या पेरूच्या झाडात अडकला होता. मला ते फार सुंदर वाटलं. मी "छान आहे" एवढंच म्हणाले.

अडचण अशी की जूनमध्ये काही नवीन लिहायचं झालं की काका गच्चीच्या कठड्याला टेकून आमच्या भिंतीकडे टक लावून बघत बसायचे. चिमटीने हवेत काहीतरी खुडायचे. आमच्या न्हाणीघराची खिडकी तिकडेच.

"भाऊजी," आई खालून म्हणाली, "तुम्ही आमच्या घराकडं काय पाहून राहिले एवढं?"

"वहिनी, तुमच्या भिंतीवर जून आहे."

"मग तो दुसरीकडं टांगा न!"

"मधातून एक महिना काढला तर वर्ष कसं राहीन?" काका कळवळून म्हणाले. शेवटी आईने न्हाणीघराच्या खिडकीला पडदा शिवला.

पुढे काकांनी आपलं कॅलेंडर माझ्याशी शेअर केलं, आणि ते माझ्या कामाच्या लॅपटॉपवर दिसायला लागलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी स्क्रीन दाखवत असताना कोपऱ्यातून पाटी वर आली: 'मिसेससमोर गप्प बसणे, रोज, चार ते पाच.' हैदराबादच्या एका सहकाऱ्याने मोठ्या आदराने विचारलं, हे कुठल्या प्रकारचं मेडिटेशन आहे.

काकूंना मात्र या सगळ्यात हसू येत नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर कागदी कॅलेंडर असायचं. गॅस कधी लावला, भाचीचा वाढदिवस, एकादशी, शेजारच्या सुनेचे दिवस, सगळं त्यावर. काकांनी ते काढून रद्दीत दिलं आणि त्याच जागी हवेतला महिना टांगला. "एका कामाले दोन डॉक्युमेंट नको," म्हणाले. त्यानंतर काकूंना साधी एकादशी विचारायची तरी काका आधी गमछा शोधणार, मग हेडसेट पुसणार, मग बॅटरी नाही म्हणून चार्जिंगला लावणार. तोवर एकादशी उलटून जायची.

एके दिवशी मी त्यांच्या बैठकीत लॅपटॉप घेऊन बसले होते. काकू स्वयंपाकघरातून वरणाचं पातेलं घेऊन निघाल्या आणि काका एकदम ओरडले, "अवो, थांब! समोर चतुर्थी आहे!"

काकू दचकल्या. वरण सगळं फरशीवर.

वरण हळूहळू फ्रिजखाली चाललं होतं. काकूंनी पातेलं खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "मी जाते भावाकडं. जिथं तारीख सगळ्याइले दिसते, तिथं."

"प्लॅनमधी..." काका सुरू झाले.

"ते वाक्य बोलू नका," काकू म्हणाल्या. "म्या बत्तीस वर्षं ऐकलं." पिशवी भरून दाराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "चंपाषष्ठीले येईन. देवासाठी येईन, तुमच्यासाठी नाही. न्याले येऊ नका."

काकूंचे भाऊ पद्मनाभपूरला राहतात. रिक्षाने जाऊन दुपारच्या चहाला परत येता येईल एवढंच ते अंतर. पण काकू गेल्यावर काका असे दिसू लागले की कोणाला वाटावं बाई सातासमुद्रापार गेली. रोज खिचडी. रोज तोच शर्ट. माझ्या लॅपटॉपवर रोज संध्याकाळी पाटी यायची: 'मिसेसला फोन. विषय: हवामान.' भिंतीपलीकडून तो फोनही ऐकू यायचा.

"थंडी आहे का तिकडं?" काका विचारायचे. थोडा वेळ जायचा. "हां. इकडंही आहे."

एकदा त्यांनी मला विचारलं, "बेटा, ती येईन न?" काकांनी कशाबद्दलही 'न' लावून विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी होकाराची मान हलवली. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

चंपाषष्ठी हा त्या घरातला मोठा दिवस. काकूंचा खंडोबा. आषाढीपासून वांगं बंद करायचं आणि चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग सोडायचं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. जुन्या सेक्टरमधली सगळी मराठी घरं त्या दिवशी काकांच्या गच्चीवर जेवायला येत. आमंत्रण द्यायला काकू दरवर्षी घरोघर कुंकू घेऊन फिरायच्या. या वर्षी काकू नव्हत्या. काकांनी कॅलेंडरमधून सगळ्यांना एकदम आमंत्रण पाठवलं. त्यांना नवं काही लिहावंही लागलं नाही. मागच्या वर्षी हेडसेट नुकताच आला असताना त्यांनी चंपाषष्ठी नोंदवली होती आणि तिच्यासमोर 'दर वर्षी' अशी खूण केली होती. प्लांटमधली वार्षिक दुरुस्ती जशी त्याच तारखेला येते तशी.

"यंदा लवकर आली का हो चंपाषष्ठी?" आईने विचारलं.

"प्लॅनमधी आहे, वहिनी."

यावर कोण बोलणार? काकांची तारीख होती ती. नंतर कळलं की सेक्टरमधल्या एका मावशींनी घरच्या कॅलेंडरात पाहिलंही होतं, पण त्यांना वाटलं, छापणाऱ्याचंच चुकलं.

त्या दिवशी सकाळपासून काका इस्त्रीच्या कुडत्यात. साहूजींनी गोवऱ्या आणून दिल्या. ते त्यांना छेना म्हणतात आणि आग कशी लावायची याबद्दल त्यांची ठाम मतं आहेत. आईने आणि सेक्टरमधल्या बायकांनी कणीक मळली, वांगी भाजली. दुपारपर्यंत गच्ची भरली. भाजलेल्या वांग्याचा वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला होता. काका हेडसेट घालून कठड्याशी उभे, पाठ पाहुण्यांकडे, तोंड रस्त्याकडे. कुठलीही रिक्षा वळली की एक पाऊल पुढे, ती निघून गेली की एक पाऊल मागे.

"भाऊजी, पानं घेऊ का?" आईने विचारलं.

"थांबा न थोडं."

थोड्या वेळाने कोणीतरी म्हणालं, निखारे विझून राहिले. काका वळले नाहीत. "वाढा," म्हणाले. "नाही येत ती आता." आणि मग इतक्या हळू की ते फक्त मला ऐकू आलं: "देवासाठीही नाही आली."

मी जिना उतरले आणि अर्ध्यात थांबून काकूंना फोन लावला. फोन करणं मला मुळीच आवडत नाही. आधी काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

"काकू, मी बोलतेय. तुम्ही निघालात का?"

"कुठं?"

"इकडे. चंपाषष्ठीला."

"येईन न. टाइम आहे अजून."

"काकू, इथे सगळे आलेत. भरीत झालंय. पानं वाढताहेत."

पलीकडे काहीतरी धातूचं खाली पडलं. "पोरी, यंदा अधिक महिना होता न वं! चंपाषष्ठी अजून कुठं आली? कोणी खाल्लं का?"

"अजून नाही."

"थांबव! तिथं कितीक जणी आषाढीपासून वांग्याले शिवल्या नाहीत. ओरड!"

"मी काकांना सांगते..."

"त्याइले सांगून काय होते? ते कॅलेंडर पाहतीन! तू ओरड, पोरी!"

मी वर गेले. चाळीसेक माणसं पंगतीत बसली होती आणि सेक्टरच्या त्या मावशींचा घास उचललेला होता.

"थांबा!" मी ओरडले. "वांगं खाऊ नका!"

सगळी गच्ची गोठली. एका आजोबांनी घास थुंकला. "पाल पडली का?" कोणीतरी किंचाळलं. दोघीतिघी पानं सोडून उठल्या. मावशी हातातला घास बॉम्बसारखा धरून बसल्या होत्या. मला वाटलं, परत जिना उतरावा आणि उतरतच राहावं.

"काय झालं, बेटा?" काकांनी विचारलं.

"आज चंपाषष्ठी नाहीये."

"आहे. प्लॅनमधी आहे." त्यांनी चिमटीने काहीतरी ओढून मोठं केलं आणि टाकीच्या वर बोट दाखवलं. "हे पाहा न! हे काय लिहिलं आहे?"

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. टाकीवर एक कबुतर बसलं होतं. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हणून ते अवघडून उडालं.

तेवढ्यात आईने मोबाइलवर पंचांग शोधलं होतं. "अधिक महिना होता, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "अजून अडीच-तीन आठवडे आहेत." पंगतीत कुजबुज झाली. मग कोणीतरी मागून म्हणालं, "साहेबाची तारीख चुकली!" आणि ते इतकं नवल होतं की कोणी हसलंसुद्धा नाही.

काकांनी हेडसेट काढला. डोळ्यांभोवती लाल वळ उमटले होते. ते पाहुण्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"म्हंजे ती आज येणारच नव्हती?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हंजे येणार आहे?"

"चंपाषष्ठीला. असंच म्हणाल्या."

काका कठड्यावर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला भीती वाटली. पण ते हसत होते. "चुकली," ते सगळ्यांना सांगू लागले, "माही तारीख चुकली हो!" प्रमोशन झाल्यासारखं सांगत होते. एका आजोबांचा हात धरून त्यांनी तो हलवला.

वांग्याचं व्रत नसलेले तिथे एकच निवांत गृहस्थ होते, साहूजी. "मोला तो कोनो मनाही नइये," मला कसलीच मनाई नाही, असं आपल्या बोलीत म्हणत त्यांनी भरीत पुढे ओढलं. बाकी लोक कोरड्या रोडग्यांकडे बघत बसले.

तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. काकू जिना चढून वर आल्या, कोणाशी न बोलता पदर खोचला आणि आईला म्हणाल्या, "आलू सोला." बघता बघता आलूचा रस्सा उकळायला लागला. काका पातेल्याच्या आसपास घुटमळत होते.

"आलीस?"

"लोकं उपाशी बसले म्हणून आली. मी चंपाषष्ठीले येईन म्हणलं, तर चंपाषष्ठीलेच येईन. रिक्षा उभी आहे खाली."

शेवटची पंगत उठली तशा त्या खरंच निघाल्या. काका मागोमाग जिना उतरले. न्यायला येऊ नका असं काकूंनी बजावलं होतं, आणि न्यायला ते गेलेच नाहीत. ते रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि काकूंबरोबर पद्मनाभपूरला गेले. काकूंनी त्यांना उतरवलं नाही. खरी चंपाषष्ठी जवळ येईपर्यंत दोघंही तिकडेच होती. आठवड्याभरात काकूंच्या भावाचा आईला फोन आला: "ताई, याइले घेऊन जा. माह्या माळ्याची कॅपिटल रिपेअर काढली त्याइनं. मी माह्याच घरात स्टुलावर बसून जेवून राहिलो."

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं परत आली आणि बॅगाही न उघडता आमंत्रणाला निघाली. काकू पुढे, हातात कुंकवाचा करंडा. काका दोन पावलं मागे, डोळे उघडे, हात रिकामे. आमच्याच दारी आधी आली. काकूंनी आईला कुंकू लावलं, मला लावलं. "उद्या जेवाले या."

आईने त्यांच्या खांद्यावरून काकांकडे पाहिलं. "भाऊजी, उद्याच न? नक्की?"

काकांचं तोंड उघडलं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि ते मिटून घेतलं.

"उद्याच," काकू म्हणाल्या.

"उद्याच," काका म्हणाले.

मग ती दोघं साहूजींकडे गेली. मी माझ्या खोलीच्या खिडकीशी उभी होते. साहूजी फाटकापाशीच भेटले. "कका, ए दारी तो सब झन भांटा खाबो ना?" त्यांनी विचारलं. भांटा म्हणजे वांगं. काकू करंडा पदराने पुसत होत्या, त्यांनी तो नीट पुसून घेतला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "हां भैया, इस बार सब खाएंगे. पेट भर के."

"खाएंगे," काका म्हणाले.